मुलाचा हेडसेट, आईला भोवळ

पत्र असं आलंय:

"दादा, मी राजारामपुरीत राहते, वय ४६, शाळेत शिकवते. माझ्या भावानं मुलासाठी दुबईहून व्हीआरचा हेडसेट आणला होता, क्वेस्ट २, तो डोळ्यांवर बांधला की आपण त्या चित्राच्या आतच आहोत असं वाटतं. मुलगा आता इंजिनिअरिंगला पुण्यात, हेडसेट घरीच ठेवून गेला. सुट्टीत म्हटलं आपण पण बघू काय असतं ते. पहिल्याच दिवशी रोलर कोस्टर लावला. चार मिनिटांत घाम, मळमळ, संध्याकाळपर्यंत डोकं गरगरत होतं. सवय होईल म्हणून तरी रोज नेटानं लावतेय, पण आता डोक्याला लावायच्या आधीच पोटात ढवळतं. चित्र धूसर दिसतं, अक्षरं वाचता येत नाहीत. मला मायनस दीडचा नंबर आहे आणि गेल्या वर्षापासून प्रोग्रेसिव्ह चष्मा. रात्री खेळलं की गेममधला डावा हात मधूनच उडून कुठंतरी जातो. खेळते ते हॉलमध्येच, शोकेससमोर. गणपतीतली लायटिंगची माळ अजून तिथंच आहे, मिस्टर काढणार होते. परवा हात लागून शोकेसची काच तडकली. सासूबाई म्हणतात डोळं जातील, मिस्टर हसतात, आणि सहा वर्षांचा पुतण्या 'काकू मला दे' म्हणून मागं लागलाय. माझं वय झालंय का या सगळ्याला, का हेडसेटच बिघडलाय? — भोवळ आलेली बाई"

भोवळताई (सही तुम्हीच तशी केलीय, मी काय करू), वय झालेलं नाही आणि हेडसेट पण बिघडलेला नाही. तुम्ही गेले कित्येक दिवस तुमच्या मुलाच्या डोळ्यांनी बघताय, एवढंच झालंय. आणि वर कोल्हापुरी रग लावून बघताय.

डोळ्यांचं आधी सांगतो, कारण ते दोन मिनिटांचं काम आहे आणि तुमचा निम्मा त्रास तिथंच असणार अशी मला दाट शंका आहे. आपल्या दोन बाहुल्यांमधलं अंतर प्रत्येकाचं वेगळं असतं, आणि क्वेस्ट २ मधल्या दोन भिंगांचं अंतर त्याला जुळवावं लागतं. हेडसेट उलटा धरून आत बघा, भिंगांच्या मध्ये १, २ किंवा ३ आकडा दिसेल. १ म्हणजे ५८ मिलिमीटर, २ म्हणजे ६३, ३ म्हणजे ६८. दोन्ही भिंगं कडेनं प्लॅस्टिकला धरायची (काचेला बोट लावायचं नाही) आणि आत किंवा बाहेर सरकवायची, टक करून बसतात. तुमचं माप किती ते चष्म्याच्या दुकानात विचारा, प्रोग्रेसिव्ह चष्मा करताना त्यांनी हे माप घेतलेलंच असणार, त्याशिवाय तो चष्मा बनतच नाही, त्यांच्या भाषेत पीडी म्हणतात. ६१ च्या आत असेल तर १, ६१ ते ६६ असेल तर २, त्याच्या वर ३. आता तुमचा मुलगा दांडगा गडी असेल, रुंद चेहऱ्याचा, आणि त्यानं ३ वर ठेवला असेल, आणि तुमचं माप ६० असेल, तर दोन्ही डोळे सगळा वेळ ते दोन चित्रं ओढूनताणून एकत्र आणायच्या मागं लागतात. मग धूसर दिसणार, कपाळ दुखणार आणि मळमळायला पण हातभार लागणार. यात तुमचा काय दोष?

पुढची गोष्ट चष्म्याची. प्रोग्रेसिव्ह चष्म्यात वर लांबचं, खाली जवळचं, आणि कडेला सगळं थोडं वाकडंतिकडं. हेडसेटमध्ये पडदा डोळ्यापासून दोन बोटांवर असतो म्हणून लोकांना वाटतं की वाचायचा चष्मा लागणार, पण भिंगांमुळं डोळ्याला ते चित्र साधारण एक-दीड मीटर लांब असल्यासारखं वाटतं. डोंगर दाखवला तरी तेवढंच आणि हातातली चिठ्ठी दाखवली तरी तेवढंच. म्हणजे जवळच्या नंबराचा उपयोग नाही, तुम्हाला लांबचाच नंबर पाहिजे. प्रोग्रेसिव्हच्या आधीचा तुमचा जुना मायनस दीडचा चष्मा कपाटात कुठंतरी असेल, आपल्याकडं कोण चष्मे टाकून देतं का, तो काढा. आणि क्वेस्ट २ च्या खोक्यात काळ्या प्लॅस्टिकची एक चौकट येते, चष्मा आणि भिंगं यांच्यात जागा ठेवायला, ती चेहऱ्याला टेकणाऱ्या फोमच्या मागं बसवायची. ती नसेल तर चष्म्याची काच भिंगाला घासते आणि दोन्हीवर चरे पडतात, तो चरा परत कधी जात नाही.

एवढं करून पण धूसर वाटलं तर हेडसेट चेहऱ्यावर अगदी थोडा वर-खाली सरकवून बघा. या मॉडेलच्या भिंगात मधल्या पट्ट्यातच स्वच्छ दिसतं, अर्धा सेंटिमीटर खाली घसरला की अक्षरं पसरली. बहुतेक बायका (आणि बाप्ये पण, मी स्वतः) मागचा पट्टा डोक्याच्या मधोमध बांधतात, मग त्या अर्ध्या किलोच्या वजनानं पुढचा भाग नाकावर उतरतो. पट्टा मागं खाली न्यायचा, जिथं कवटीचा गोळा संपतो तिथं, अंबाड्याच्या खाली, आणि वरचा पट्टा जरा आवळायचा म्हणजे वजन डोक्यावर येतं, गालावर नाही. अंबाडा आड येतो, वेणी घाला. आणि भिंगं पुसायला पदर घ्यायचा नाही, सॅनिटायझर तर लांबच, चष्म्याच्या डबीतलं मऊ कोरडं फडकं बास.

आता मळमळीचं.

गगनबावड्यावरून करूळ घाटानं एसटीतून कोकणात उतरताना मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेला माणूस तुम्ही बघितला असेल, तिसऱ्या वळणाला पिशवी मागतो. कारण आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणाऱ्या बारीक नळ्या असतात, त्यात पाणी हलतं, त्यावरून मेंदूला कळतं की आपण वळतोय, वर-खाली होतोय. कान म्हणतात गाडी वळतेय, डोळे म्हणतात कुठं काय, मी तर मोबाईल बघतोय, आणि या भांडणात पोटाचा बळी जातो. व्हीआरमध्ये तेच भांडण उलटं. डोळे म्हणतात दरीत पडलो, कान म्हणतात अहो तुम्ही सोफ्यावर आहात. आणि बघा, त्याच एसटीत ड्रायव्हरला कधी मळमळत नाही, कारण पुढं कुठलं वळण येणार ते त्याला माहीत असतं, स्टिअरिंग त्याच्या हातात असतं. रोलर कोस्टरमध्ये तुम्ही शंभर टक्के पॅसेंजर, हातात काही नाही, शरीर जागेवर आणि डोळे हवेत. नवीन माणसाला देण्यासारखा याच्याइतका वाईट खेळ नाही, आणि गंमत म्हणजे घरी पाहुणा आला की त्याला पहिल्यांदा हाच लावून देतात, कारण बघणाऱ्यांना मजा येते.

आणि इथंच आपली रग आड येते. मी तुम्हाला नावं ठेवत नाही, मी पण हेच केलंय. पहिल्या दिवशी विमान उडवायचा गेम लावला, दहाव्या मिनिटाला तोंडाला पाणी सुटायला लागलं, म्हटलं एवढ्यात हार मानायची काय, चांगली ४० मिनिटं बसलो. त्या रात्री मित्राकडं तांबडा-पांढऱ्याचा बेत होता. दारात रश्श्याचा वास आला आणि मी चप्पल न काढताच मागं फिरलो, कोल्हापुरात राहून पांढऱ्या रश्श्यापासून पळालेला माणूस म्हणून अजून चिडवतात. सांगायचं काय, की मळमळ दाबून खेळत राहिलं म्हणजे सवय होत नाही, उलट मेंदू पक्कं लिहून ठेवतो की हे काळं डबडं आलं की त्रास होणार. तुम्हाला आता नुसतं हातात घेतलं तरी ढवळतं ते यामुळंच. एकदा बासुंदी बाधली की पुढं वर्षभर तिचा वास नको वाटतो ना, तसं.

म्हणून पहिलं औषध म्हणजे चार-पाच दिवस हेडसेटला हातच लावू नका. पाठ अर्धा सोडायची शिक्षकांना सवय नसते हे मला ठाऊक आहे, तरी सोडा. त्या दिवसांत माप जुळवा, जुना चष्मा शोधा, फोम पुसून वाऱ्यावर ठेवा, पण उन्हात नाही हां! भिंगांवर ऊन पडलं की लहानपणी आपण भिंगानं कागद जाळायचो तसं आतल्या पडद्यावर जळका डाग पडतो, आणि तो दुरुस्त होत नाही. खिडकीच्या कट्ट्यावर तर ठेवूच नका, वापर झाला की खोक्यात किंवा कापडात गुंडाळून.

मग परत सुरू करताना तालमीतलं डोकं वापरा. वस्ताद नव्या पोराला पहिल्याच दिवशी हजार जोर मारायला लावत नाही, पन्नासवर थांबवतो, पोरगं अजून मारतो म्हणत असलं तरी. तुम्ही पण पहिल्या दिवशी ५ मिनिटं, घड्याळ लावून, आणि बरं वाटत असताना काढून ठेवायचं. दुसऱ्या दिवशी परत ५, मग ८, मग १०, घाई नाही. आणि मध्येच कपाळाला गार घाम, विनाकारण जांभया, तोंडाला पाणी, कानशिलं गरम, यातलं एक जरी जाणवलं तरी त्याच क्षणी डोळे मिटायचे आणि काढायचं, "ही लेव्हल संपवते मग" हे नाही. काढल्यावर त्या दिवशी परत लावायचं नाही. साधारण काही आठवड्यांत बऱ्याच जणांचा मेंदू जमवून घेतो. काही जणांना जॉयस्टिकनं सरकत चालायचे खेळ कधीच मानवत नाहीत हे पण खरं, पण त्यांच्यासाठी दुसरे ढीगभर खेळ आहेत.

खेळ कुठले ते सांगतो. सोपा हिशेब असा की गेममध्ये तुम्ही जेवढं हलता तेवढंच हॉलमध्ये हलत असाल तर कान आणि डोळे भांडत नाहीत. क्वेस्टवर फर्स्ट स्टेप्स नावाचं फुकटचं ॲप आहे, हात कसे वापरायचे ते शिकवतं, त्यानं सुरुवात करा. मग बीट सेबर, गाण्याच्या तालावर समोरून ठोकळे येतात ते तलवारीनं कापायचे, तुम्ही उभ्या जागी, ठोकळेच तुमच्याकडं येतात, त्यात मळमळ जवळजवळ नाहीच, आणि दंडाला व्यायाम होतो तो वेगळा. निवांत पाहिजे असेल तर वॉकअबाऊट मिनी गोल्फ, त्यात एका जागेवरून दुसऱ्या जागी टुणकन उडी मारून जाता येतं. ही टुणकन उडी लक्षात ठेवा, सेटिंगमध्ये टेलिपोर्ट म्हणतात. सरकत चालण्याऐवजी नेहमी टेलिपोर्ट निवडायचं. वळायला स्नॅप टर्न, म्हणजे कॅमेरा हळूहळू फिरत नाही, एकदम ठरावीक अंशांनी बदलतो, मेंदूला ते फिरणं दिसतच नाही. आणि व्हिनेट किंवा कम्फर्ट असा पर्याय दिसला की चालू करा, हलताना कडेचं चित्र काळं होतं, बोगद्यातून बघितल्यासारखं, जरा विचित्र वाटतं पण पोट शांत राहतं. स्टोअरमध्ये प्रत्येक गेमवर कम्फर्टेबल, मॉडरेट, इन्टेन्स असं लिहिलेलं असतं, पहिला महिनाभर कम्फर्टेबलच्या बाहेर जायचं नाही, मुलगा फोनवरून काहीही सांगू दे.

घरगुती उपाय विचारलात तर टेबल फॅन समोर ठेवा. हसू नका, वाऱ्यानं मळमळ कमी होते आणि शिवाय वारा तोंडावर येतोय म्हणजे तोंड अजून टीव्हीकडंच आहे हे हेडसेटच्या आत पण कळतं. घाटात खातो ती आलेपाकाची वडी इथं पण चालते. भरल्या पोटी खेळू नका, अगदी उपाशी पण नको. आणि चित्र अडखळत असेल, म्हणजे मान वळवली आणि देखावा मागनं आला असं होत असेल, तर तेवढ्यानं पण मळमळतं. पॉवरचं बटण दाबून धरून पूर्ण बंद करून चालू करा, नुसतं स्टँडबायला ठेवून महिने झाले असतील. मुलानं लॅपटॉपला वायफायनं जोडून काही खेळ ठेवले असतील तर ते सध्या विसरा, त्याला ५ गिगाहर्ट्झचं वायफाय आणि लॅपटॉप राउटरला वायरनं जोडलेला लागतो, त्या नादाला लागूच नका.

आता उडणारा डावा हात. हेडसेटच्या कोपऱ्यांवर चार बारीक कॅमेरे आहेत आणि हातातल्या रिमोटच्या त्या कड्यात आपल्याला न दिसणारे इन्फ्रारेड दिवे आहेत. कॅमेरे ते ठिपके बघून ठरवतात की हात कुठं आहे. म्हणजे तुमच्या हॉलमध्ये शोकेसच्या काचेत त्याच ठिपक्यांचं प्रतिबिंब, आणि वर गणपतीची माळ, तिचे शंभर ठिपके! कॅमेऱ्यानं बिचाऱ्यानं ओळखायचं कसं की यातला ताईंचा हात कुठला? काचेवर चादर टाका, माळ बंद करा, आणि खोलीत वाचता येईल एवढा उजेड ठेवा, अंधारात पण त्याला दिसत नाही आणि थेट ऊन आलं तरी दिसत नाही. जुनी चोकवाली ट्यूब असेल तर तीही लुकलुकते, आपल्याला कळत नाही पण कॅमेऱ्याला कळतं, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं सेटिंगमध्ये ट्रॅकिंग फ्रिक्वेन्सी दिसली की ६० असेल तर ५० करा. हे मला कळायला तीन महिने लागले होते. कॅमेऱ्यांच्या काचा पण पुसा, आणि फक्त डावाच हात उडतोय म्हणजे त्या रिमोटचा सेल बदलून बघा, एकच पेन्सिल सेल असतो. खेळताना समोरचं सगळं तिरकं झालं, मेनू पाठीमागं गेला, तर उजव्या रिमोटवरचं चपटं गोल बटण दाबून धरा, सगळं परत समोर येतं.

काच तडकली त्याचं वाईट वाटलं. हात मोडला नाही हे नशीब समजा. उभं राहून फिरत खेळायला २ मीटर बाय २ मीटर, म्हणजे साधारण साडेसहा फूट चौकोन मोकळा लागतो. राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्ये सोफा, टीपॉय आणि शोकेस यांच्यात तो निघत नसेल तर सेटिंगमध्ये स्टेशनरी बाउंड्री, म्हणजे एका जागेपुरती हद्द, निवडा आणि बसून किंवा एका जागी उभं राहून खेळा, काही कमीपणा नाही. निघत असेल तर खेळायच्या जागेची हद्द हेडसेटमध्ये आखताना भिंतीला चिकटवून आखू नका, हातभर आत घ्या, कारण हद्दीजवळ गेल्यावर निळी जाळी दिसते, पण ती दिसेपर्यंत हात पुढं गेलेला असतो. मधोमध एक पायपुसणं टाका आणि अनवाणी खेळा. पायाखाली ते लागतंय तोवर तुम्ही मध्यावर आहात. रिमोटची दोरी मनगटात अडकवलीच पाहिजे. वर पंखा किती उंचीवर आहे ते पण बघा, बीट सेबरमध्ये हात वर जातात. आणि सासूबाई मधूनच चहा घेऊन येणार असतील तर हेडसेटच्या कडेला दोनदा टकटक केली की बाहेरचं काळंपांढरं दिसतं, ते सेटिंगमध्ये डबल टॅप म्हणून चालू करून ठेवा.

सासूबाईंना सांगा, डोळं जात नाहीत, थकतात. हेडसेटमध्ये आपण पापण्या कमी मिटतो म्हणून डोळे कोरडे होतात, पुढं सवय झाली तरी अर्ध्या तासानं काढून गॅलरीतून लांब बघायचं. खरं तर त्यांना काळजी यासाठी आहे की आत काय चाललंय ते त्यांना दिसत नाही. हेडसेटमधलं चित्र मोबाईलवर दाखवता येतं, कास्ट म्हणतात, मोबाईलवर मेटाचं (क्वेस्ट बनवणारी कंपनी) ॲप असलं की झालं. तो मोबाईल त्यांच्या हातात द्या. माझी आई त्या दिवसापासून मागनं "डावीकडचा सुटला, डावीकडचा सुटला" करते.

पुतण्याला मात्र नाही म्हणायचं, ठाम. कंपनीनंच किमान वय १० ठेवलंय, आणि सहा वर्षांच्या पोराच्या बाहुल्यांमधलं अंतर बहुधा त्या १ नंबरात पण बसत नाही, शिवाय वजन मानेवर. त्याला मोबाईलवर आजीबरोबर बघत बसू दे.

खेळून झाल्यावर थोडा वेळ आपले हात आपले नाहीत, जमीन जरा तरंगतेय असं वाटेल. घाबरायचं नाही, जातं ते. पण तेवढ्यात गाडी काढून भाजीला जायचं नाही, निदान अर्धा तास जाऊ दे. आणि हेडसेट न लावता पण, उठता-बसता किंवा कूस बदलताना घर फिरत असेल, किंवा अर्धशिशी, फिट येणं असं आधीचं काही असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा, घर फिरत असेल तर कानाच्या, अर्धशिशी किंवा फिट असेल तर मेंदूच्या. मग खेळ.

तर आजच्या आज एवढंच करा की हेडसेट उलटा करून तो आकडा बघा. ३ निघाला तर मुलाला फोन करून दोन शब्द सुनवायला माझी परवानगी आहे. आणि माळ काढायचं काम मिस्टरांनाच सांगा, स्टुलावर चढल्यावर माणसाला हसायला सुचत नाही.